सात कोटांखालचा माणूस

दिघेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला भेटतात, मग माणसांना. आपण दार उघडून "या काका" म्हणावं, तर ते आपल्या खांद्यावरून मागे बघत असतात. चपला काढता काढता त्यांची नजर छतापासून खाली उतरते, कोपऱ्यात थबकते, खिडकीखाली जरा रेंगाळते आणि मग डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगावं तशा हळू आवाजात ते सांगतात, "प्रायमर मारलेला नाही." एवढं झालं की मग आपली पाळी. "काय, मजेत ने?"

बडोद्यातल्या अकोट्याच्या आमच्या सोसायटीत, जिथे मराठी माणसंही 'ना'ला 'ने' म्हणतात, ते तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि आम्ही चौथ्यावर, बरोबर त्यांच्या डोक्यावर. आम्ही हौसेने हॉलला पिस्ता रंग दिला तेव्हा सगळ्यांना बघायला बोलावलं होतं. सगळ्यांनी छान म्हटलं, दोघींनी दुकानाचं नाव विचारलं. काका म्हणाले, "तीन वर्षं. त्यात एक पावसाळा मी जास्तच धरलाय." तीन वर्षांनी एका रविवारी भिंतीचा एक पोपडा सुटून माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या, चहात पडला. ही बातमी खाली कशी पोचली कोण जाणे, पण दहा मिनिटांत काका हजर. त्यांनी चमच्याने कपातून पोपडा काढला, रुमालावर वाळवला, उलटसुलट करून पाहिला आणि आमचं मनापासून अभिनंदन केलं. इतका सबंध सुटलेला पोपडा त्यांनी निवृत्तीनंतर पाहिला नव्हता म्हणे.

त्यांच्या या नजरेतून कुठलाही प्रसंग सुटत नाही. माझ्या भाचीच्या लग्नात ते स्टेजच्या मागे उकिडवे बसून नवरदेवाच्या सोनेरी खुर्चीचा पाय तपासत होते. वरपक्षाला वाटलं, डेकोरेशनवाल्यांचा माणूस असेल. त्यांनी काकांना दोन पंखे आणि एक कमान हलवायला लावली. काकांनी हलवली. तळमजल्यावरच्या पारीखभाईंची आई गेली, तेव्हा सगळे खाली मान घालून बसलेले आणि एकटे काका डोळे वर लावून. बघणाऱ्यांना भरून आलं. थोड्या वेळाने ते पारीखभाईंच्या खांद्यावर हात ठेवून पुढे वाकले आणि म्हणाले, "वरून पाणी झिरपतंय." पारीखभाई पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मग प्लंबर बोलावला तर खरंच वरच्या बाथरूमचा पाइप फुटलेला निघाला, तेव्हा बोलले.

यामागे इतिहास आहे. काकांचे आजोबा संस्थानच्या काळात नकाशे काढायच्या खात्यात होते, वडील कोर्टात शिरस्तेदार. "आमच्या दोन पिढ्यांनी कागद रंगवले, मी लोखंड रंगवलं," असं काका सांगतात. प्रत्यक्षात त्यांनी कधी ब्रश हातात धरला नाही. कोयलीच्या रिफायनरीत टाक्यांना आणि पाइपांना दिलेला रंग पास की नापास, हे ठरवायचं त्यांचं काम. चौतीस वर्षं त्यांनी तेच केलं, आणि त्यातला बराचसा रंग करडा होता. साधी माणसं राखाडी म्हणून मोकळी होतात. काकांकडे त्याच्या बारा जाती आहेत आणि ते त्या नातेवाइकांसारख्या ओळखतात. रंगापेक्षाही त्यांचा जीव रंगाच्या आधीच्या कामावर. घासणं, पुसणं, लांबी म्हणजे पुट्टी भरणं, पुन्हा घासणं. याला ते 'सरफेस' म्हणतात. सरफेस तयार नसेल तर वरचा रंग म्हणजे नुसतं नाटक, हे वाक्य आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाने किमान पन्नासदा ऐकलं आहे.

कुमुदकाकी, त्यांची बायको, होती तोवर त्यांना आवर होता. काकी म्हणायची, "हे मला बघायला आले तेव्हा यांना आमच्या बैठकीची भिंत पसंत पडली. मी आपली भिंतीबरोबर आले." काकी गेली त्याला चार वर्षं झाली. मूलबाळ नाही. तेव्हापासून काका बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी आमच्याकडे चहाला येतात, आणि बाकीचे दिवस कुठे असतात ते मला अलीकडेपर्यंत माहीत नव्हतं.

आता त्या चित्राकडे येते.

माझी शाळेतली मैत्रीण हेतल हिने जवळच एका जुन्या बंगल्यात चित्रांची गॅलरी काढली. उद्घाटनाला तिने आम्हाला बोलावलं. रविवार होता, काका चहाला आलेलेच होते, म्हणून त्यांनाही गाडीत घेतलं. मोठ्या खोलीत सगळीकडे पांढऱ्या भिंती आणि समोर एकच चित्र. सहा फूट बाय पाच फूट. त्यावर काही नव्हतं. म्हणजे करडा रंग होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि बस. शेजारी कार्डावर चित्रकर्तीचं नाव होतं, उर्वी, त्याखाली 'शीर्षक नाही', आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'अनुपस्थितीची उपस्थिती' असं काहीतरी.

मी भूगोल शिकवते. मला नकाशात वाळवंट दाखवलं तरी त्यात चार गोष्टी सापडतात, पण इथे नदीही नव्हती. तरी हेतल शेजारी उभी असल्यामुळे मी डोळे बारीक करून "किती शांत वाटतं ने," असं म्हटलं. मिलिंद म्हणाला, एसी चांगला आहे म्हणून तसं वाटत असेल. मागे उभ्या असलेल्या एका जोडप्यातली बाई नवऱ्याला सांगत होती की हा एकटेपणा आहे. नवऱ्याला तो सिमेंटचा रस्ता वाटत होता. सगळे हातात लिल्या, म्हणजे बडोद्याच्या ओलसर, चिवड्याच्या बशा घेऊन अर्थ शोधत होते.

काका पुढे गेले. त्यांनी चित्राजवळ नाक नेलं आणि चक्क वास घेतला. मग डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, गुडघ्यावर बसून खालून पाहिलं. हेतल माझा दंड दाबायला लागली. मी काकांना हाक मारणार तेवढ्यात ते वळून म्हणाले, "सात कोट आहेत. प्रत्येक कोट वाळू दिलाय. शिस्तीची बाई आहे."

मग त्यांनी मिलिंदकडून फोन मागून घेतला, त्याचा टॉर्च लावला आणि तो चित्राच्या कडेला अगदी चिकटवून आडवा धरला. टाकीवरचा रंग असाच बघतात, समोरून उजेड टाकला तर काही कळत नाही. त्या आडव्या उजेडात सपाट वाटणाऱ्या करड्या रंगावर बारीक उंचवटे उठले, शेतातल्या सऱ्यांसारखे. काका बराच वेळ बघत राहिले. मग टॉर्च बंद करून, पाइपात गळती सापडल्यासारख्या आवाजात त्यांनी सांगितलं, "आत माणूस आहे."

एकटेपणावाली बाई दोन पावलं मागे सरकली आणि सिमेंटच्या रस्तावाल्या नवऱ्याच्या पायावर उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून काकांना नोकरी लागल्यासारखं झालं. दुपारी चारला ते इस्त्रीचा शर्ट घालून निघत, एका पिशवीत घडीचं स्टूल, आपला जुना रिफायनरीतला टॉर्च आणि पाण्याची बाटली. सहा वाजेपर्यंत चित्रासमोर. हेतलला आधी गंमत वाटली. रोज येणारा प्रेक्षक गॅलरीला कुठे मिळतो? शिवाय येणारे-जाणारे त्यांना कुणीतरी मोठे जाणकार समजायला लागले. एका बाईंनी चित्राचा अर्थ विचारला, तर काका म्हणाले, अर्थ नंतर, आधी पकड बघा; खालच्याने वरच्याला धरून ठेवलंय की नाही ते महत्त्वाचं. बाईंनी हे वहीत लिहून घेतलं. एका माणसाला त्यांनी सांगितलं की वरचा थर गुळगुळीत दिसतो तो खालच्या थराच्या जिवावर. तो माणूस हात जोडून गेला, आणि हेतल सांगत होती की दुसऱ्या दिवशी आपल्या वडिलांना घेऊन आला. एका लहानशा वर्तमानपत्रात फोटो छापून आला, त्याखाली 'ज्येष्ठ कलासमीक्षक श्री. दिघे'. काकांनी फोटो भिंगातून पाहिला आणि पाठीमागच्या भिंतीला दोनच कोट दिलेत असं मला सांगितलं.

आमच्याकडच्या चहाला आता एकच विषय. आतला माणूस बसलेला आहे. जरा पुढे वाकून. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. कान मोठा आहे. रोज ते नवीन काहीतरी सांगत, आणि मिलिंद तोंडावर गंभीर भाव ठेवून ऐकत असे. मी एकदा विचारलं, काका, पण एवढं बघून तुम्हाला काय मिळतं? ते म्हणाले, "झाकलेलं आहे, तरी आहे ने," आणि बशीत चहा ओतायला लागले.

घोटाळा झाला तो पारीखभाईंमुळे. काकांनी त्यांना लिफ्टमध्ये सहज सांगितलं आणि त्यांनी ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: अकोट्याच्या एका बंगल्यात चित्रात माणूस आहे, फक्त टॉर्चने दिसतो. शनिवारी सकाळी योगवर्गाच्या सोळा बायका सतरंज्यांसकट गॅलरीत. रविवारी पारीखभाई सहकुटुंब, बरोबर थेपले आणि कैरीचा छुंदा. प्रत्येकाच्या फोनला टॉर्च असतोच. एकाला त्या रंगात दाढीवाले बाबा दिसले, एकीला तिचे सासरे दिसले आणि तिने पदर घेतला. शेवटी पारीखभाईंनी, माणूस नीट दिसावा म्हणून, खिशातला रुमाल पाण्यात भिजवून चित्राचा एक कोपरा पुसायला घेतला. हेतलने धावत जाऊन त्यांचा हात धरला.

त्या संध्याकाळी तिचा मला फोन आला. चित्राला काही झालं नव्हतं, पण ती रडकुंडीला आली होती. मी काकांना येऊ नका असं सांगावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी खाली गेले. काय बोलायचं ते जिन्यात दोनदा म्हणून पाहिलं होतं, पण काकांनी मला अर्ध्यातच थांबवलं. ते म्हणाले, तिचं बराबर आहे, साइटवर बाहेरची माणसं आणायची नसतात, चूक माझी. त्यांनी पिशवीतून स्टूल काढून पलंगाखाली सरकवलं आणि मला चहा विचारला. मी नको म्हटलं.

पुढच्या बुधवारी ते आमच्याकडे आले आणि आल्या आल्या म्हणाले, "काय, मजेत ने?" भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. मी मिलिंदकडे पाहिलं, मिलिंदने माझ्याकडे. पिस्ता रंगाला तेव्हा हाताएवढी भेग पडलेली होती. रविवारी ते आलेच नाहीत. निरोप आला, जरा कणकण आहे. त्यानंतरच्या बुधवारीही तोच निरोप. वर असून मला खालचा आवाज एरवी बराच येतो; त्या दिवसांत कुकरचीही शिट्टी येत नव्हती.

मग एका रविवारी दुपारी आमची बेल वाजली. दारात पस्तिशीची एक बाई, सुती कुर्ता, खांद्यावर झोळी, बोटांवर वाळलेला रंग. ही उर्वी. मूळची नडियादची, पण शिकायला बडोद्यात आली तेव्हा दांडिया बाजारात एका मराठी आजींकडे भाड्याने राहिली, त्यामुळे मराठी चांगलं बोलते. हेतलकडून तिने माझा पत्ता घेतला होता. ती रागावलेली होती, आणि राग आवरून फार जपून बोलत होती. दिघे नावाचे गृहस्थ कुठे राहतात, एवढंच तिला हवं होतं. तिला एकटीला खाली पाठवायची माझी हिंमत झाली नाही.

काकांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकलेलं. मी ओळख करून दिली. उर्वी बसली नाही.

"ते चित्र मी एकटीने दार लावून केलंय," ती म्हणाली. "आत काय आहे ते मी हेतलबेनलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?"

काकांनी तिला आधी खुर्ची दिली. मग विचारलं, दोन कोटांच्या मध्ये ती किती दिवस थांबत होती. तिला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. एक दिवस, कधी दोन, असं तिने सांगितलं. काकांनी मान हलवली. घाई केली असती तर तडकला असता, म्हणाले.

"तुम्हीच सांगितलंत," मग ते म्हणाले. "ज्याला पुसायचं असतं तो ब्रश सरळ ओढतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुम्ही कानापाशी आलात की वळलात. खांद्यापाशी आलात की वळलात. सातही वेळा. त्यांच्या अंगावरून ब्रश सरळ ओढायचा तुम्हाला धीर होईना, म्हणून आधी कडेकडेने गेलात, मग आतलं भरलंत. ती कडा राहिली."

उर्वी खुर्चीत टेकली. मी उठून पाणी आणलं.

ते तिचे वडील होते. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाल्यावर रविवारी तिच्यासमोर चित्रासाठी बसत. पण माणूस बोलका. अर्धा मिनिट तोंड मिटून बसतील तर शपथ. ती त्यांच्यावर चिडायची, पप्पा, तोंड हलवू नका. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचाच गेली. त्यानंतरही ते हौसेने येऊन बसायचे, अगदी स्तब्ध, तिला हवे होते तसे. "तेव्हा मला तोंड काढताच येईना," उर्वी म्हणाली. बाकी सगळं काढून झालं, तोंड तेवढं राहिलं. ते गेल्यावर तिने त्यावर करडा रंग फिरवायला घेतला. रोज वाटायचं, उद्या पुरतं झाकलं जाईल.

काकांनी हे सगळं मान खाली घालून ऐकलं. मग त्यांनी जे सांगितलं ते इतकी वर्षं त्यांच्या डोक्यावर राहूनही मला माहीत नव्हतं.

काकी स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहीत असे. गॅसच्या ओट्यावरच्या भिंतीवर, हाताला येईल तिथे. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, कुठल्या डाळीला कुकरच्या किती शिट्ट्या, नणंदेचा नवा नंबर. काकांच्या लेखी तो सरफेसवरचा मळ. काकी गेली, तेरावं झालं, पाहुणे परतले आणि घरात कसं बसायचं ते काकांना कळेना. हाताला काम हवं होतं आणि येत होतं ते एकच. त्यांनी घर रंगवायला काढलं. आठ दिवस कारागिरांच्या मागे उभे राहिले. लांबी भरून घेतली, पॉलिश पेपरने घासून घेतलं, पसंत पडलं नाही म्हणून ओट्यावरची भिंत दुसऱ्यांदा घासायला लावली. काम उत्तम झालं. नवव्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा स्वतः वरण लावलं आणि शिट्ट्या किती ते बघायला मान वर केली.

"रोज टॉर्च लावून बघतो," काका म्हणाले. "काही नाही."

उर्वीने विचारलं, मी बघू का. आम्ही तिघं स्वयंपाकघरात गेलो. तिने खिडकीला चादर लावून अंधार केला, काकांचा टॉर्च घेतला आणि ओट्यावरच्या भिंतीला आडवा धरून इंच इंच सरकवत नेला. भिंत काचेसारखी सपाट. एक उंचवटा नाही, एक रेघ नाही. टोकाला पोचल्यावर तिने टॉर्च खाली घेतला.

"फार सुंदर काम आहे," ती हळूच म्हणाली.

"हो. माझंच," काका म्हणाले.

मी चादर काढायला वळले. दार मध्ये येत होतं म्हणून ते ढकललं. स्वयंपाकघराचं दार, ते कायम भिंतीला टेकून सताड उघडं असतं. एकट्या माणसाच्या स्वयंपाकघराचं दार कोण लावतो? ते लागलं आणि त्यामागची हातभर रुंदीची भिंत उघडी पडली. मला तेव्हा एकदम आठवला तो वास. काकी मिरचीची फोडणी द्यायची तेव्हा ठसका हॉलमध्ये जाऊ नये म्हणून हे दार लावून घ्यायची, आणि तरी आमच्याकडे वर सगळे खोकत असू. मी तसं म्हणाले. म्हणजे दार लावून काकी इथेच उभी राहायची, कांदा तळेपर्यंत.

उर्वीने टॉर्च त्या भिंतीला धरला. मलासुद्धा फरक दिसला. ही भिंत काचेसारखी नव्हती. रंगाखाली धूळ होती, एक केस होता, मध्येच फुगा आला होता. काका पुढे झाले, वाकले आणि आजवर त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता असा संतापाचा सूर निघाला.

"हे घासलंच नाही. पुसलंसुद्धा नाही. जुन्या ऑइल पेंटवर तसाच रोलर फिरवलाय." मग ते थांबले. आठ दिवसांत ते साइट सोडून एकदाच गेले होते, महापालिकेत काकीचा दाखला आणायला. त्याच दुपारी.

उर्वीने टॉवेल ओला करून भिंतीवर दाबून धरला. झोळीतून रंगाची पातळ सुरी काढली आणि फुग्याच्या कडेखाली हलकेच सरकवली. रंग पापडासारखा सुटला, सबंध, वीतभर. खाली पिवळट जुनी भिंत, आणि त्यावर काकीचं अक्षर.

खरेदीच्या याद्या होत्या. एकाखाली एक, बारीक अक्षरात, आणि सामान आणून झालं की त्यावर आडवी रेघ मारलेली. रवा, दोरा काळा, मेणबत्त्या, रेघ. साबूदाणा, हिंग, रेघ. उर्वी सुरी सरकवत खाली खाली जात होती, काका टॉर्च धरून एकेक शब्द मोठ्याने वाचत होते. अगदी खालच्या यादीवर रेघ नव्हती.

सुरण अर्धा किलो. ओली हळद. सुरती पापडी. लिंबं सहा. मोगरी, हे तोंड वाकडं करतील तरी.

काकांनी ती दोनदा वाचली. मोगरी, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, त्यांना कधीच आवडली नव्हती. आठवड्याच्या भाजीची यादी होती, ज्या आठवड्यात काकीला दवाखान्यात नेलं त्या आठवड्याची. ते तिथेच फरशीवर बसले, दाराला पाठ टेकून. सुटलेला रंगाचा पापड त्यांनी हातात घेतला आणि सवयीने उलटा करून पाहिला.

"कामचोर होता कारागीर," उर्वी म्हणाली.

"होता ने," काका म्हणाले. "देव त्याचं भलं करो."

उर्वी संध्याकाळपर्यंत थांबली. मी वरून पोहे करून आणले. जाताना तिने काकांना विचारलं, तुम्ही आता गॅलरीत येत नाही का? काकांनी बंदीचं कारण प्रामाणिकपणे सांगितलं. ती म्हणाली, चित्र माझं आहे, तुम्ही या. मी हेतलबेनशी बोलते. आणि तोंड कसं होतं ते तुम्हाला सांगायचंय, इतक्या दिवसांत मी कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी शाळेतून आले तर काका आमच्या दारात उभे. दाढी केलेली, बटणं नीट. हातात कापडी पिशवी, फुगलेली. सकाळी रिक्षा करून खंडेराव मार्केटला गेले होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एकट्याने भाजी आणली होती, आणि सुरण हाताळल्यामुळे दोन्ही तळवे खाजवत होते. भाजीवाल्या बेनने त्यांना सुरण कसा चिरायचा ते सांगितलं होतं म्हणे, पण हळद कशात घालतात ते विचारायचं राहिलं.

मी म्हटलं, काका, एवढी भाजी कशाला?

"हे आणायचं राहून गेलं होतं," ते म्हणाले, आणि पिशवी माझ्या हातात दिली.

मी ओट्यावर एकेक जिन्नस काढून ठेवला. पेन्सिल आहे का, असं काकांनी विचारलं. मी दिली, तशी ते खाली गेले, यादीवर रेघ मारायला. पिशवीच्या तळाशी मोगरी होती, चांगली अर्धा किलो.